मामांचे पाच पेपर, तुझे सात तास

पत्र असं आहे (थोडं कमी करून देते आहे):

"मावशी, मी अकरावीत आहे. सीबीएसई, पीसीएम आणि कॉम्प्युटर सायन्स. राहते इंदूरच्या लोकमान्य नगरात. सकाळी 6:50 ला बस येते, घरी परत यायला तीन वाजतात. सोम-बुध-शुक्र साडेचार ते आठ भंवरकुआंला जेईईची कोचिंग. शनिवारी संध्याकाळी तबला. मला बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचंय. न्यू जर्सीचे मामा म्हणाले, त्यांच्या मुलाने अकरावीत पाच एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेजच्या पातळीचे विषय) केल्या, तूही कर. आमच्या शाळेत एपी नाही, म्हणून सगळं स्वतःच करायचं आहे. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी मेकॅनिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स ए आणि मायक्रोइकॉनॉमिक्स, अशी पाचांची यादी मी केली आहे. बाबा म्हणतात, एपी कर, पण जेईई सोडायची नाही. मी जुलैपासून पहाटे चारला उठते. रात्री साडेअकराच्या आत झोप होत नाही. परवा केमिस्ट्रीच्या तासाला डोळा लागला आणि मॅडमनी उभं केलं. युनिट टेस्टमध्ये पहिल्यांदाच गणितात सत्तरच्या खाली आले. मला एक चांगलं वेळापत्रक बनवून द्या. तबला सोडू का? आणि पहाटेचा गजर चारचाच ठेवू की साडेतीनचा करू?"

अगं, वेळापत्रक मी देणार नाही. एकदा दिलं होतं, माझ्या भाच्याला. चार रंगांची स्केचपेनं, पट्टीने आखलेले चौकोन, फ्रिजवर मॅग्नेट लावून टांगलं होतं. अकराव्या दिवशी त्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहिलेला दिसला. चूक माझी होती. त्याच्याकडे दिवसाला किती वेळ उरतो हे मी विचारलंच नव्हतं, विषय किती आहेत तेवढंच विचारलं होतं.

तर आधी मामांचं बघू. मामा खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलाच्या पाच एपी म्हणजे त्याच्या शाळेचं वेळापत्रक. तिकडच्या हायस्कुलात अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हा वर्गात शिकवला जाणारा विषय असतो. शिक्षक असतात, वर्षभर तास होतात, गृहपाठ मिळतो, आणि मेमध्ये कॉलेज बोर्ड या तिकडच्या संस्थेची परीक्षा होते. म्हणजे त्याने अकरावीची शाळा केली आणि शेवटी पाच पेपर दिले. तू करायला निघाली आहेस ती एक अख्खी शाळा, त्यावर कोचिंग, आणि त्यावर त्याची अख्खी शाळा. शिवाय तिकडची विद्यापीठं अर्ज वाचताना मुलाच्या शाळेत काय उपलब्ध होतं ते बघतात. तुझ्या शाळेत एपी नाही हे त्यांना तुझ्या शाळेच्या माहितीतून कळतं. इंदूरच्या सीबीएसई शाळेतल्या मुलीकडून न्यू जर्सीच्या मुलाएवढ्या एपी कुणी मागत नाही. तू स्वतःच्या जिवावर एक जरी नीट केलीस तरी ती नजरेत भरते.

आता हिशोब. तुझ्या पत्रावरूनच करते.

सोम-बुध-शुक्र शून्य. आठला कोचिंग सुटणार, घरी पोहोचेपर्यंतच नऊ होणार, मग जेवण. त्यानंतर शाळेचा गृहपाठ करशील तेवढं पुष्कळ. मंगळवार-गुरुवार शाळेचं आणि कोचिंगचं काम उरकून प्रत्येकी दीड तास. शनिवारी तबल्याच्या आधी एक. रविवारी सकाळी तीन. आठवड्याचे सात तास झाले. तू म्हणशील, रविवारी दुपारीही बसेन. बसशील गं, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी पाहुणे येतील.

हे पत्र छापून येईल तेव्हा सप्टेंबर अर्धा झालेला असेल. तिथून एप्रिलअखेर साधारण 32 आठवडे. छमाही परीक्षेचे दोन गेले, दिवाळीचा एक, वार्षिकोत्सवाचा एक, डिसेंबरात घरात लग्न आहे असं तूच लिहिलंस त्याचा एक, ताप-सर्दीचे दोन, आणि अकरावीची वार्षिक परीक्षा व तिची तयारी धरून पाच. उरले 20. सात गुणिले वीस, 140 तास. पाच विषयांत वाटलेस तर एकेका विषयाला 28 तास. अमेरिकन मुलगा तेवढे तास दिवाळीच्या सुमारालाच वर्गात बसून झालेला असतो. आपल्याकडे अकरावी शिकणाऱ्या हुशार मुलीला कॅल्क्युलस बीसी शून्यातून करायला माझ्या अंदाजाने दीडशेच्या आसपास तास लागतात. म्हणजे तुझ्याकडे बरोबर एका पेपराचा वेळ आहे.

कुठला एक, यावर माझं मत पक्कं आहे: कॅल्क्युलस बीसी. मी गणित शिकवायचे म्हणून म्हणत नाही (थोडं म्हणूनही म्हणते). त्यातला बराच भाग तुला बारावीत करायचाच आहे. डेरिव्हेटिव्ह, त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, क्षेत्रफळ, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं बारावीच्या पुस्तकात आहे. आता केलंस तर पुढच्या वर्षी शाळेचं आणि जेईईचं ओझं तेवढं हलकं होईल. आपल्याकडे नसलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: पोलर कर्व्ह, पॅरामेट्रिकचा डेरिव्हेटिव्हपलीकडचा भाग, अनंत श्रेणी व टेलर सिरीज, ऑयलरची पद्धत, लोपिताल असलं काही. श्रेणीचं प्रकरण सोडलं तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही, आणि श्रेणींना मात्र पूर्ण तीन आठवडे दे. शिवाय बीसीच्या निकालात एबी, म्हणजे श्रेणींशिवायच्या पायाभूत भागाचा गुण वेगळा येतो, त्यामुळे श्रेणीने दगा दिला तरी सगळं पाण्यात जात नाही.

केमिस्ट्री काढून टाक, त्यात प्रयोगशाळेचं बरंच विचारतात आणि तुला ते एकटीने करता येणार नाही. कॉम्प्युटर सायन्स ए जावामध्ये असते, तुझी शाळा पायथॉन शिकवते. दोन्ही भाषा एकदम डोक्यात घालण्याचं वर्ष हे नाही. मायक्रोइकॉनॉमिक्स तुला आवडेल, म्हणूनच ते सुट्टीत वाच, परीक्षेशिवाय.

राहिलं मेकॅनिक्स. इथे मी थोडी सैल होते. न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग, रोटेशन, गुरुत्वाकर्षण, ऑसिलेशन्स हे तुझं अकरावीचं फिजिक्स आहे आणि कोचिंगमध्ये त्यावर अधिक अवघड गणितं सोडवून घेतात. दिवाळीच्या आधी डेरिव्हेटिव्ह पूर्ण झालेलं असेल आणि शाळेचे मार्क परत वर आलेले असतील, तर दुसरा पेपर म्हणून त्याचं नाव घाल. त्याला वेगळा अभ्यास द्यायचा नाही, फक्त मागची प्रश्नपत्रिका. दोन्हींपैकी एक जरी झालं नसेल तर विसर.

दिवाळीच्या आधी असं का म्हणते आहे, तर नोंदणी. एपीसाठी घरी बसून स्वतःच फॉर्म भरता येत नाही. परीक्षा घेणाऱ्या शाळेने किंवा केंद्राने तुझ्यासाठी पेपर मागवावा लागतो, आणि त्याची मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्याला संपते. नंतर घेतात, पण वर दंड पडतो. बाहेरून येणाऱ्या मुलांना केंद्र बसू देतं की नाही, हे याच आठवड्यात फोन करून विचारा. भोपाळ, मुंबई, जिथे मिळेल तिथे विचारा. फी एका पेपराची रुपयांत पाच आकडी होते, त्यावर गाडीभाडं आणि राहणं. पाच पेपरांचा हा आकडा बाबांसमोर ठेवलास तर यादी आपोआप आखडेल असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली नसेल. परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि गुण जुलैत येतात, 1 ते 5 मध्ये. तू अर्ज करणार बारावीत, बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे अर्जात दाखवता येईल असा मे एकच, या अकरावीतला. बारावीच्या मेमध्ये दिलेली एपी प्रवेशाला उपयोगाची नाही, गेल्यावर तिथल्या कॉलेजात क्रेडिट (तेवढा विषय झाल्याचं धरणं) मिळालं तर मिळेल. आणि त्या मेमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डही डोक्यावर असते. "यंदा तीन, पुढच्या वर्षी दोन" असा विचार करत असशील तर तो आजच सोड.

अभ्यास कसा करायचा याबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगते, बाकीचं तुला येतं. धडा वाचायला खान अकॅडमीवर एपी कॅल्क्युलस फुकट आहे, तेवढं पुरतं. पण रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की कॉलेज बोर्डाच्या साइटवरचा मागच्या वर्षांतला एक लेखी प्रश्न उघड. तेही फुकट आहेत. पंधरा मिनिटांचं घड्याळ लाव, कागदावर पेनाने सोडव, मग त्यांच्याच गुणदान तक्त्यावरून स्वतःला 9 पैकी गुण दे. पेपरात असे सहा प्रश्न असतात, दोन कॅल्क्युलेटरसह आणि चार विना.

हे का सांगते? आपल्या मुलांना उत्तर येतं आणि गुण जातात, म्हणून. घरातलंच उदाहरण घे. नर्मदेचं पाणी आलं आहे. गच्चीवरच्या टाकीत आधीच 100 लिटर आहे. नळाचा वेग सुरुवातीला मिनिटाला 20 लिटर, आणि दर मिनिटाला तो अर्ध्या लिटरने कमी होत जातो, 40 मिनिटांनी नळ बंद पडतो. त्याच वेळी खाली आजी झाडांना पाणी घालते आहे, मिनिटाला 5 लिटर. टाकीत सगळ्यात जास्त पाणी केव्हा आणि किती?

तू काय करशील ते मला दिसतंय. 20 वजा अर्धा टी बरोबर 5, म्हणून टी बरोबर 30, इंटिग्रेट केलं, 225 आलं, अधिक 100, उत्तर 325, खाली दोन रेघा. कोचिंगमध्ये चार मार्क मिळाले असते. इथे तक्ता विचारतो: 30 लाच जास्तीत जास्त कशावरून? त्यासाठी लिहायला हवं, की 30 मिनिटांच्या आधी येणारा वेग जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे, नंतर कमी आहे. किंवा तिन्ही वेळा तपासून दाखवायच्या: सुरुवातीला 100, तिसाव्या मिनिटाला 325, चाळिसाव्याला 300. म्हणून 325. आणि 325 काय? लिटर. हे एक वाक्य आणि एक एकक यांना गुण असतात. उलट, आपण उत्तर सुबक करण्यात जो वेळ घालवतो त्याला तिथे काही मिळत नाही. आकडेमोड अर्धवट ठेवली तरी चालते, दशांश घेतले तर तीन स्थळांपर्यंत हवेत.

दोन सवयी तुला मुद्दाम बदलाव्या लागतील. जेईईत चुकलं की एक गुण कापतात, म्हणून कोचिंगने तुला प्रश्न सोडायला शिकवलंय. एपीच्या पर्यायी प्रश्नांत काही कापत नाहीत. 45 पैकी एकही गोल रिकामा ठेवून उठायचं नाही. दुसरी, कॅल्क्युलेटर. सीबीएसईत हात लावू देत नाहीत, इथे पेपराच्या दोन भागांत तो लागतोच. परीक्षेच्या अ‍ॅपमध्ये डेसमॉस नावाचा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर असतो, तोच घरी वापरून बघ. पहिल्यांदा परीक्षेतच उघडलास तर ग्राफची खिडकी लहानमोठी करण्यातच दहा मिनिटं जातील.

वर्षाचा क्रम मोघम असा ठेव. दिवाळीपर्यंत लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह, वार्षिकोत्सवाच्या गडबडीत त्याचीच उजळणी, जानेवारीत इंटिग्रेशन. फेब्रुवारीच्या मध्यापासून वार्षिक परीक्षा संपेपर्यंत एपीची वही कपाटात. अगदी कुलूप लावून. अकरावीची गुणपत्रिकाही त्या अर्जाबरोबर जाते, हे एपीच्या नादात मुलं विसरतात. तुझे सत्तरखालचे मार्क मला म्हणूनच खुपले, आणि ते आधी सावर. परीक्षा संपली की बारावीचं सत्र 1 एप्रिलला सुरू होईपर्यंत जे मोकळे दिवस मिळतील ते 140 मध्ये मी धरलेच नव्हते. त्यात श्रेणी संपव. रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, गेरच्या दिवशी मात्र बसू नकोस. राजवाड्यावर अख्खं शहर रंगात न्हात असताना टेलर सिरीज होत नाही, मी करून पाहिलंय.

तुझ्या बाबांसाठी थोडं लिहिते. त्यांना वाचून दाखव, किंवा कागद टेबलावर ठेवून दे.

भाऊ, तुमची काळजी कळते. परदेशाचं जमलं नाही तर हातात काही असावं, म्हणून जेईई. त्यात चुकीचं काही नाही, अकरावीत ती सोडू नये असंच मीही म्हणेन, कारण गणित-फिजिक्स दोन्हीकडे तेच आहे. पण बारावीच्या जूनमध्ये तुम्हाला तिच्याशी बसून ठरवावं लागेल. त्या वर्षी ऑगस्टपासून निबंध, शिफारसपत्रं, अर्ज सुरू होतात, आणि जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीतच असतं. दोन्ही गाड्या एकाच फलाटावर एकाच वेळी येतात. तेव्हा कुठली मुख्य आणि कुठली राखीव हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, आणि ठरलं की निभवा. तोवर तुमच्याकडून एकच मागणं: सोम-बुध-शुक्र आठ वाजता कोचिंगच्या बाहेर स्कूटर घेऊन उभे राहा. व्हॅन सगळ्यांना सोडत येते तेव्हा नऊ होतात, तुम्ही वीस मिनिटांत घरी आणाल. आणि येताना टेस्टचे मार्क विचारू नका. दुसरं काहीही विचारा.

तबला. सोडू नकोस. तू लिहिलं नाहीस, पण शनिवारच्या पिशवीत तबल्याच्या मध्यमा परीक्षेचा फॉर्मही असेल असं वाटतं. क्लासमध्ये या वयाच्या मुलांना गुरुजी परीक्षेला बसवतातच. यंदा तो फॉर्म भरू नकोस. क्लासला जा, कायदा वाजव, ये. गुरुजींना स्पष्ट सांग की बारावीनंतर बसेन. नाराज होतील, तबल्याचे शिक्षक नाराज होतातच, आणि पुढच्या शनिवारी परत नवा रेला देतात. आठवड्यात दोन तास तरी असे असू देत की ज्यांच्या शेवटी कुणी मार्क देत नाही.

आता गजर. 13 ते 18 वयाला रात्री 8 ते 10 तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तू साडेचार घेते आहेस आणि साडेतीनचा गजर लावला तर चार. दिवसा वाचलेलं रात्री झोपेत पक्कं होतं. तू पहाटे चारला वाचतेस आणि सकाळी केमिस्ट्रीच्या तासाला डुलकी काढतेस, म्हणजे घरचं आणि शाळेचं दोन्ही गमावतेस. मॅडमनी उभं केलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनी तुला सगळ्यात आधी ओळखलं.

मी लिहिलेले सात तास पहाटेचा एकही मिनिट न धरता लिहिले आहेत, परत मोजून बघ. कोचिंग नसेल त्या दिवशी दहाला दिवा बंद, कोचिंगच्या दिवशी फार तर साडेदहा. बस 6:50 ला येते. आंघोळ, डबा, बूट, आजीच्या पाया पडणं, सगळं धरून सहाचा गजर पुरतो. आज रात्रीच लाव.